वाळवंटातलं गरम पाणी

माझ्या आईनं लग्नाच्या आधी, तेंदूपत्त्याच्या मोसमात, अहेरीकडच्या जंगलात एका नदीच्या वाळूतून गरम पाणी निघताना पाहिलं होतं. निदान ती तसं म्हणायची. आमच्या नात्यात तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी ते पाहिलेलं नव्हतं, आणि तिच्याशिवाय कोणाचा त्यावर विश्वासही नव्हता.

तेव्हा ती नागभीडजवळच्या तिच्या माहेरी होती. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कोरड्या पडल्या की गावातली माणसं ट्रकमध्ये बसून दक्षिणेकडे पानं तोडायला जात. मुकादम नेईल तिथं जायचं, झाडाखाली राहायचं, पहाटे उठून जंगलात शिरायचं आणि दुपारी पानांची पुडकी बांधून फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागेवर, नेऊन द्यायची. एका पहाटे ती आणि शेजारच्या गावची तिची एक मैत्रीण पाणी आणायला नदीच्या पात्रात उतरल्या. वाळू गार होती. चालता चालता आईचा पाय एका ओल्या जागी पडला आणि ती ओरडून मागे सरली. खाली वाळू हलत होती, बुडबुडे येत होते, आणि पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं गरम. बंदुकीच्या दारूसारखा वास येत होता. दोघींनी बराच वेळ तिथं बसून पाय शेकले.

मैत्रिणीचं पुढच्याच वर्षी भंडाऱ्याकडे लग्न झालं आणि ती पुन्हा कधी भेटली नाही. आई त्या मोसमातून परतली ती हिवतापानं फणफणून. घरी आल्या आल्या, अंगावर गोधड्या असतानाच, तिनं नदीतल्या गरम पाण्याची गोष्ट सांगितली. तिथंच सगळं बिघडलं. पोरगी तापात बरळते, असं जे ठरलं ते ठरलंच.

हे ठरवणाऱ्यांत पुढं होता माझा मामा, आईचा मोठा भाऊ. तो माजरीला कोळशाच्या भूमिगत खाणीत होता, आता निवृत्त आहे. मोठ्या आवाजाचा, मायाळू, आणि एकदा चेष्टा सापडली की न सोडणारा माणूस. थंडीत आमच्याकडे मुक्कामाला आला आणि आंघोळीचं पाणी तापायला वेळ लागला, की हमखास अंगणातून ओरडायचा, "काऊन वं बाई, काड्या काऊन जाळून राह्यली? तुह्या नदीतून आण ना दोन बादल्या!" लग्नकार्यात आचाऱ्यांसमोर, बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर, कुठंही. सगळे हसायचे. बाबा तेवढे हसत नसत, पण बाजूही घेत नसत. "असन बा," एवढंच म्हणत.

मामाचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं होतं असंही नाही. तो समजावून सांगायचा, "मे महिन्याचं ऊन. वाळू तापते. वाळूतलं डबकं तापते. त्याच्यात काय नवल?"

आई दरवेळी तेच उत्तर द्यायची. "सूर्य उगवला नोहता, भाऊ. वाळू थंडी होती."

"ताप होता तुले. तापात सगळंच गरम लागते."

मग ती उठून आत जायची. आई भांडकुदळ नाही. लोकांच्या शेतात धानाच्या रोवण्या, म्हणजे भाताची लावणी, करत तिनं आम्हाला वाढवलं, आणि खोटं बोलणं तिला जमतच नाही. दुकानदारानं चुकून जास्त साखर दिली तर परत करायला जाणारी बाई ती. तिला थापाडी म्हटलेलं कसं लागत असेल हे मला बऱ्याच उशिरा, स्वतः नोकरीला लागल्यावर कळलं. मी एसटीत कंडक्टर आहे. पन्नास माणसांच्या गाडीत एखादा प्रवासी, सुट्टे दिलेले असताना, "दिलेच नाहीत" म्हणतो आणि सगळी गाडी तुमच्याकडे बघते, तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

माझी बदली अहेरीला झाली, तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली. लांबचं गाव, जंगल, एकटी बाई. आई मात्र चुलीजवळून उठून आली आणि तिनं विचारलं, "तिथून नदी किती दूर हाय?"

"कोणती नदी?"

"माही," ती म्हणाली.

धानाची मळणी आटोपल्यावर, डिसेंबरात, ती माझ्याकडे आली. मागोमाग मामाही माजरीहून आला. त्याला मजा पाहायची होती, आणि हे त्यानं लपवलंही नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. आईला गावाचं नाव नीट आठवत नव्हतं. शेवटी 'पल्ली' होतं एवढं ती खात्रीनं सांगत होती. आता त्या भागात दर दुसऱ्या गावाच्या शेवटी पल्ली आहे. तरी मी ड्रायव्हरना विचारून, तिनं सांगितलेल्या खुणा लावून, एक गाव काढलं. नदीचं मोठं वळण असलेली जागा आणि काठाला बसलेल्या म्हशीसारखा काळा दगड, या तिच्या खुणा.

शेवटच्या थांब्यावर उतरून सागाच्या जंगलातून चालत आम्ही नदीवर पोचलो. नदी या काठापासून त्या काठापर्यंत भरून वाहत होती. निळंशार, थंडगार पाणी. वाळू दिसतच नव्हती. म्हशीसारखा दगड नव्हता. जाळं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला आईनं विचारलं, तर तो तेलुगूत काहीतरी बोलला आणि हसला. आम्हाला काही कळलं नाही.

मामानं चपला काढल्या, गुडघ्याइतका पाण्यात उतरला आणि दात वाजवत ओरडला, "बाई, लवकर ये वं! कपडे धुवाले सोडा टाकासाठी बराबर गरम हाय!"

आईनं पाण्याकडे एकवार पाहिलं. मग ती वळली आणि थांब्याकडे चालायला लागली. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मामा दोन-तीनदा बोलायला गेला, पण तिनं मान वळवली नाही.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "जाऊ दे आई. इतक्या वर्षांत नदीही बदलली असेल."

"नदी बदलते," ती म्हणाली. "खालचं पाणी कुठी जाते?"

दुसऱ्या दिवशी ती नागभीडला निघून गेली. मला तिचं ते वाक्य काही सोडेना. माझ्या गाडीत रोज त्या जंगलातली माणसं बसतात. बाजाराला येणारी, दवाखान्यात येणारी, शाळेतल्या पोरांना भेटायला जाणारी. मी विचारायला सुरुवात केली. तिकीट फाडता फाडता विचारायचं, "तुमच्याकडे कुठं गरम पाणी निघतं का हो, नदीत?" काही जण हसत. काही जण तेलंगणातल्या कुठल्या कुठल्या कुंडांची नावं सांगत. एकानं मला हीटर घ्यायचा सल्ला दिला. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, तुमच्या या प्रश्नापायी गाडी लेट होऊन राह्यली."

मार्च सरत आला होता. जंगलात मोहफुलं पडायला लागली होती, त्यांच्या गोड वासानं गाडी भरून जायची. एके दिवशी फुलांचं गाठोडं घेऊन एक गोंड बाई चढली. आईपेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठी, हातावर गोंदण. ती नेहमीची प्रवासी होती, पण तिला विचारायचं राहून गेलं होतं. मी विचारलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कायले पायजे?"

"माझ्या आईनं पाहिलंय. लग्नाच्या आधी, पानं तोडायला आली होती तेव्हा. कोणी तिचं खरं मानत नाही."

"कव्हा पाहाले गेले होते तुमी?"

"डिसेंबरात."

ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत हसली. "तव्हा कसं दिसन, बाई? तव्हा तं त्याच्या डोक्यावर नदी असते. नदी आटली, का निघते ते. पत्त्याच्या टायमाले या."

मी तिकिटाचं मशीन तसंच हातात धरून उभी होते. "म्हणजे आहे?"

"हाय ना. आमचे लोक म्हणतेत, तिथी एर झोपत नाई." एर म्हणजे गोंडीत पाणी. मग ती जरा गंभीर झाली. "पण लय लोक आणू नोका. तुमची माय येऊ दे."

तिचा हा शब्द पाळायचा म्हणून मी इथं त्या नदीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊले मी सांगतो." तिनं मामाला काय सांगितलं ते मामानंच मला पुढं ऐकवलं. तिनं फक्त एवढंच म्हटलं होतं, "ये. अन् चपला चांगल्या घालून ये. पाय भाजतीन."

मे महिन्यात ते दोघं आले. त्या दिवसांत आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो तेव्हा खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. सागाची पानं केव्हाच गळून गेली होती. दोन्ही बाजूंनी नुसती उभी करडी खोडं, आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. हिरवी होती ती फक्त तेंदूची कोवळी पानं.

मोहफुलंवाली बाई थांब्यावर आमची वाट पाहत उभी होती. तिनं आईला "जोहार" केला. आईनं "जय भीम" म्हटलं. दोघींनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं, कोण किती चालू शकेल याचा अंदाज घेतल्यासारखं, आणि पाणी प्यायला दिलं-घेतलं गेलं. मग आम्ही तिच्या गावाकडे निघालो.

वाटेत जंगलाचा नाका लागला. वनरक्षकानं आम्हाला थांबवलं. तरुण मुलगा होता, घामानं निथळत होता. "कुठं चालले?"

आई म्हणाली, "गरम पाणी पाहाले."

त्यानं बाईकडे पाहिलं. बाईनं मान हलवली. "जा," तो म्हणाला. "जंगल सरकारी आहे, पाहायला कोण मना करते? फक्त आगपेटी इथं ठेवा. वणव्याचे दिवस आहेत." मामानं तोंड वाकडं करत खिशातली आगपेटी काढली. बिडीबंडल मात्र त्यानं ठेवून घेतलं. काडीशिवाय त्याचा काय उपयोग होणार होता देव जाणे, पण ते खिशात असलं की त्याला बरं वाटतं.

रात्री आम्ही बाईच्या अंगणात खाटांवर झोपलो. तिनं जेवायला भात आणि अंबाडीची आंबट भाजी केली होती. मामानं सगळं मिटक्या मारत खाल्लं आणि मग तो नेहमीप्रमाणे सुरू झाला. "पाहू ना उद्या. तीन वाजता जाऊ दुपारी, म्हणजे चांगलं तापलेलं राहीन."

"पहाटी जाऊ," आई म्हणाली. "सूर्य उगवाच्या आगोदर."

"अन् थंडं निघालं तं?"

"तं मी जिंदगीत पुन्हा नाव नाई काढीन."

हे ती अगदी शांतपणे बोलली. बाईला शंका नव्हती, आईला नव्हती. मी मात्र खाटेवर पडून नको ते विचार करत होते. बाईचं पाणी आणि आईचं पाणी वेगळं निघालं तर? नुसतं कोमट निघालं तर? मामाच्या तोंडचा विनोद आता तिच्यामागे कायमचा लागणार होता, किंवा कायमचा सुटणार होता.

पहाटे बाईनं उठवलं. तिला तिथूनच पुढं पानं तोडायला जायचं होतं, तेव्हा खांद्यावर पानं बांधायचं फडकं आणि डब्यात आंबील होती. झुंजुमुंजू झालं होतं. गावाच्या मागून एक पायवाट उतरत गेली, आणि झाडी संपल्यावर नदी समोर आली.

म्हणजे नदी नव्हतीच. वाळू होती. डिसेंबरात मी जिथं निळं पाणी पाहिलं होतं त्याच नदीचं हे पात्र, जरा वरच्या अंगाचं. इकडून तिकडे नजर पोचेस्तोवर पांढरट वाळू, वाऱ्यानं पडलेल्या तिच्यावरच्या लाटा, मधेच वाळून काटकी झालेलं झाऊचं झुडूप. पाण्याची एक बारीक धार पार पलीकडच्या काठाला चिकटून चालली होती. शाळेच्या पुस्तकात वाळवंट म्हणजे उंट आणि खजूर. पण नदीच्या कोरड्या वाळूलाही आपण वाळवंटच म्हणतो, आणि त्या पहाटे मला त्या शब्दाचे दोन अर्थ राहिले नाहीत. इतकी मोठी, इतकी मुकी, इतकी कोरडी जागा मी पाहिली नव्हती.

आम्ही वाळूत उतरलो. बाई पुढं, आई तिच्या मागे, मग मी, आणि शेवटी मामा. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वाळू गार होती. आईनं वाकून मूठभर उचलली, थांबली, मामा जवळ येईपर्यंत वाट पाहिली आणि ती त्याच्या हातावर ठेवली.

"कशी हाय?"

"थंडी हाय," मामा म्हणाला.

"ध्यानात ठेव."

पात्राच्या मधोमध आलो तेव्हा बाई डावीकडे वळणार होती. आई अचानक थांबली. मान वर करून तिनं नाकानं हवा ओढली. मलाही तो वास आला, पुसट, फटाके उडवून गेल्यावर अंगणात येतो तसा. आई बाईच्या पुढं झाली. ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. गुडघे दुखतात म्हणून विहाराच्या पायऱ्या बाजूनं चढणारी माझी आई, लुगड्याचा ओचा हातात धरून, वाळूतून पळत होती, आणि पुढं वळणावर एक काळा दगड होता. तो वाळूत अर्धा गाडला गेला होता. म्हशीसारखा तो आता फक्त पाठीकडून दिसत होता.

"हेच! हेच हाय!" आई ओरडली.

दगडाच्या पायथ्याशी वाळू ओली, काळपट होती. मधे परातीएवढी जागा सतत हलत होती. भात शिजायला आला की वरची शितं जशी नाचतात तसे वाळूचे कण उडत होते, बसत होते, पुन्हा उडत होते. बुडबुडे येत होते. पाणी तिथून एका ओघळानं निघून जरा पुढं वाळूतच जिरत होतं. दगडावर कोणीतरी वाळलेली मोहफुलं आणि चिमूटभर तांदूळ ठेवले होते.

बाईनं चपला काढल्या, तिनं आणलेले तांदळाचे दाणे दगडावर ठेवले आणि हात जोडले. "आमच्या पेनाची जागा हाय," ती म्हणाली. पेन म्हणजे त्यांचा देव.

आईनंही चपला काढल्या. मग म्हणाली, "बाई, मी पाया नाई पडत. राग नोको मानू."

"पडू नोको," बाई म्हणाली. "साबण तेवढी नोको टाकू."

मामा अजून मागे होता. तो आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पाहत राहिला. तो वाकला आणि त्यानं आधी भोवतालच्या वाळूत हात घातला. मग काळ्या दगडाला तळवा लावला, एकदा वरून, एकदा बाजूनं. खाणीत इतकी वर्षं काढलेला माणूस. छताला हात लावून पाहिल्याशिवाय पाऊल पुढं न टाकण्याची त्याची सवय.

"दगड थंडा हाय," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "उन्हाचं असतं तं दगड पण तापला असता."

"पाय टाक," आई म्हणाली.

"टाकतो ना."

"टाक मंग."

त्यानं धोतर वर घेतलं आणि उजवा पाय नाचणाऱ्या वाळूत ठेवला. पुढच्या क्षणी त्याच्या तोंडून "आगागागा!" अशी आरोळी निघाली आणि तो एका पायावर उड्या मारत मागे जाऊन वाळूत बसला. खिशातलं बिडीबंडल उडालं आणि बिड्या चहूकडे विखुरल्या.

आई हसायला लागली. तिचं हसणं मी आयुष्यभर ऐकलंय, पदराआडचं, थोडकं. हे तसं नव्हतं. ती पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, वाळूत फतकल मारून हसली. बाई हसली. मीही हसले. शेवटी मामाही पाय चोळत हसायला लागला.

आईनं डोळे पुसले आणि ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "आता बोल."

"गरम हाय," मामा म्हणाला.

"जोरानं बोल. इतके वर्ष जोरानंच बोलत होता ना?"

मामा उभा राहिला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं, पार पलीकडच्या काठावर पानं तोडायला निघालेल्या माणसांची एक रांग तेवढी दिसत होती. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खाणीत हाक मारायचा तो ठेवणीतला आवाज काढला.

"गरम हाय वो पाणी! माही बहीण खरी बोलत होती!"

पलीकडची रांग थांबली. त्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे, पण तिकडून कोणीतरी तितक्याच मोठ्यानं "होऽऽ" म्हणून उत्तर दिलं. आईनं कमरेवर हात ठेवले आणि त्या काठाकडे पाहत उभी राहिली, जणू ते सगळे तिच्यासाठीच आले होते. तेवढ्यात सूर्य झाडांच्या वर आला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते आठवलं की मला अजून सुख वाटतं. बाईनं आम्हाला दाखवलं, गरम ओघळाच्या वाटेत वाळू उकरून खड्डा करायचा, म्हणजे पाणी जरा निवून त्यात साचतं. तिनं आणि आईनं हातांनी वाळू उपसली. मामाला दगडाच्या पलीकडे, पाठ करून बसायला पाठवलं. तो तिथं बसून विखुरलेल्या बिड्या गोळा करत होता. आई लुगड्यासकट त्या खड्ड्यात बसली. कमरेपर्यंत गरम पाणी. तिनं डोळे मिटले. आयुष्यभर चिखलात उभं राहून रोवण्या केलेल्या त्या पायांना आता खालून ऊब मिळत होती, आणि ती पाय हलवून हलवून वाळू उडवत होती, लहान पोरीसारखी.

"इथीच बसलो होतो आमी दोघी," ती म्हणाली. "तिले काही भेव वाटत नोहतं. मलेच वाटत होतं."

बाईनं तिच्या पाठीवर ओंजळीनं पाणी घातलं. मग उन्हं वाढायच्या आत पानं तोडायची म्हणून ती फडकं खांद्यावर टाकून निघाली. जाताना तिनं आंबिलीचा डबा आमच्यापाशी ठेवला. आई पाण्यातूनच म्हणाली, "बाई, नागभीडले ये. रोवणीच्या दिवसात नोको, तव्हा मी घरी नसतो. दिवाळीले ये."

"येतो," बाई म्हणाली, आणि माणसांची ती रांग गेली होती त्या दिशेनं वाळूतून सरळ चालत गेली.

आम्ही आंबील प्यालो. मामा तोपर्यंत एकदम शहाण्यासारखा बोलायला लागला होता. "खाणीत पण असंच," तो मला सांगू लागला. "जसं जसं खाली जा, तशी गरमी. अन् खालच्या थराले भिंतीतून पाणी ठिपके ना, ते कोमट लागे. हात धुवाले मजा ये थंडीत."

आईनं केस पिळता पिळता मान वर केली. "म्हणजे तुले माईत होतं, खाली गरम असते म्हणून?"

मामानं डब्यातल्या आंबिलीकडे पाहिलं.

"मंग काऊन नाई म्हणत होता इतके वर्ष?"

"आता काय सांगू, बाई," तो म्हणाला. "पयल्यांदा हसलो तव्हा सगळे हसले. मंग सवयच लागली."

मला वाटलं आई चिडेल. ती चिडली नाही. तिनं त्याच्या हातातला डबा घेतला, उरलेली आंबील स्वतः पिऊन टाकली आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिला. "धुवून आण," ती म्हणाली. तो मुकाट्यानं पलीकडच्या धारेपर्यंत तेवढी वाळू तुडवत गेला आणि धुवून आणला.

परत निघालो तेव्हा वाळू तापायला लागली होती, आणि नाक्यापर्यंत पोचेस्तोवर अंगावरचे ओले कपडे कडकडीत वाळले. वनरक्षकानं आगपेटी परत दिली आणि विचारलं, "दिसलं का?" मामा म्हणाला, "दिसलं काय विचारता साहेब, पाय पाहा!" आणि तिथंच चपलेतून पाय काढून दाखवला. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

थांब्यावर सावली म्हणावी तर एका मोहाच्या झाडाची. गाडीला वेळ होता. आई दगडी ओट्यावर बसल्या बसल्या खोडाला टेकली आणि तिचा डोळा लागला. ऊन सरकत तिच्या तोंडावर आलं, तसा मामा उठला, खांद्यावरचा दुपट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. मी म्हटलं, "मामा, बसा, मी धरते." त्यानं मानेनंच नको म्हटलं.

गाडीची वाट पाहत बाजाराला निघालेला एक शेतकरी तिथं बसला होता. त्यानं विचारलं, "बिमार हाय का बाई?"

"बिमार?" मामा म्हणाला. "माही बहीण हाय ते. नदीत गरम पाणी दाखवलं तिनं आज मले. उकळत होतं उकळत! भात टाकला असता तं शिजला असता!"

आईनं डोळे उघडले नाहीत. "उकळत नोहतं," ती म्हणाली. "गरम होतं."

"बरं, गरम होतं," मामा म्हणाला, आणि दुपट्टा जरा आणखी वर धरला.

गाडी आली, ती माझ्याच सोबतच्या ड्रायव्हरची. त्यानं दार उघडण्याआधीच खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय मॅडम, भेटलं का?" मी काही बोलायच्या आत आई पायऱ्या चढून त्याच्या मागच्या पहिल्या सीटवर जाऊन बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "गाडी चालू कर बाबा, सांगतो तुले." आणि अहेरी येईपर्यंत तिनं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून, ट्रकमध्ये बसून पानं तोडायला निघाली होती तिथपासून. आसपासच्या सीटांवरचे सगळे पुढं झुकून ऐकत होते. मागच्या सीटवरच्यांना ऐकू येईना म्हणून ते उठून पुढं आले आणि दांड्याला धरून उभे राहिले. कोणी हसलं नाही.